सरकारी कंत्राटावर कॅब लावताय? आधी ड्रायव्हरची फाइल आणि त्याची मराठी बघा

वाशी गावाजवळ एक साहेब उभे होते, आमचा ड्रायव्हर नेरूळहून निघालेला, साहेब फोनवर म्हणाले, "खाडीपुलाच्या अलीकडे थांब, मी तिथंच आहे." पोरगा चांगला, पाच वर्षं अ‍ॅपवर गाडी चालवतोय, रेटिंग कडक, पण 'अलीकडे' हा शब्द त्याच्या कानावर कधी पडलाच नव्हता. "जी सर" म्हणाला आणि गाडी पूल चढली ती थेट मानखुर्दला उतरली. पुढे जाऊन वळायचं, परत यायचं, त्यात संध्याकाळचं ट्रॅफिक, साहेबांची मीटिंग गेली आणि महिनाअखेरीला बिलात 'विलंब' म्हणून पैसे कापले गेले. अ‍ॅपच्या भाड्यात हा घोळ होत नाही कारण तिथे मॅपवर निळा ठिपका असतो, सरकारी ड्युटीत ठिपका नसतो, साहेबांचे पीए फोन करतात आणि मराठीत सांगतात.

म्हणून हा लेख. ठाणे-नवी मुंबईत ज्यांच्या गाड्या अ‍ॅपवर आहेत आणि आता एखाद्या सरकारी ऑफिसला, महापालिकेला, महामंडळाला महिन्याच्या भाड्याने लावायच्या आहेत, किंवा जे एखाद्या कॅब कंपनीचे व्हेंडर म्हणून असं काम घेतायत, त्यांच्यासाठी. गाडी कुणीही आणतो हो, बँक लोन द्यायला बसलीच आहे. अडकतं ते ड्रायव्हरपाशी.

आधी टेंडर वाचा, ते पण एटीसीपासून

सरकारी गाड्यांची बरीच कामं आता जेम पोर्टलवर, म्हणजे सरकारी खरेदीच्या वेबसाइटवर, निघतात. तिथे महिन्याच्या भाड्याच्या गाडीची वेगळी सर्व्हिस आहे आणि थोड्या दिवसांच्या भाड्याची वेगळी. नवीन माणूस काय करतो, गाडीचं मॉडेल आणि किलोमीटर बघतो आणि रेट टाकून मोकळा होतो. असं करू नका. ठरलेल्या अटींच्या खाली एटीसी म्हणून भाग असतो, म्हणजे त्या ऑफिसने स्वतःच्या वेगळ्या अटी घातलेल्या असतात, आणि ड्रायव्हरबद्दलचं सगळं मीठमसाल्यासकट तिथेच असतं. गणवेश हवा का, मोबाइल कुणी द्यायचा, शिक्षण किती, स्थानिक भाषा बोलता-वाचता यायला हवी का, बदली ड्रायव्हर किती वेळात द्यायचा, ड्रायव्हर न सांगता बदलला तर दंड किती. प्रिंट काढा आणि 'चालक' हा शब्द जिथे जिथे येतो तिथे पेनाने गोल करा. मी अजून असंच करतो, पोरं हसतात.

शंका असेल तर प्री-बिड मीटिंगमध्ये, म्हणजे रेट टाकायच्या आधीच्या बैठकीत, लेखी विचारा. 'मराठीचे ज्ञान आवश्यक' एवढंच लिहिलं असेल तर विचारा की बोलता आलं की झालं, का वाचता-लिहिता पण हवं, आणि पुरावा म्हणून काय चालेल. उत्तर कॉरिजेंडममध्ये (टेंडरच्या दुरुस्तीपत्रकात) आलं की ते सगळ्यांना लागू होतं, मग नंतर कुणी बोट ठेवत नाही.

आणि अ‍ॅप कंपनीच्या नावावर काम असेल तर त्यांचं स्वतःचं लायसन्स पण बघा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम ९३ खाली अ‍ॅग्रिगेटरला (म्हणजे अशा अ‍ॅप कंपनीला) राज्याचं लायसन्स लागतं, ते नसताना धंदा केला तर कमीत कमी २५ हजार आणि जास्तीत जास्त १ लाख दंड आहे. राज्याने मे २०२५ मध्ये अ‍ॅग्रिगेटर कॅबच्या धोरणाचा जीआर काढलाय, तो डाउनलोड करून फोनमध्ये ठेवा.

लायसन्स आणि बॅज

इथे सगळ्यात जास्त गैरसमज आहेत त्यामुळे जरा सावकाश.

प्रायव्हेट गाडीचं लायसन्स १८ ला मिळतं, पण ट्रान्सपोर्ट, म्हणजे भाड्याची, गाडी चालवायला वय २० पूर्ण लागतं. मग तुम्हाला कुणीतरी सांगेल की आता साध्या एलएमव्ही (हलक्या गाडीच्या) लायसन्सवर टॅक्सी चालते, सुप्रीम कोर्टानेच सांगितलंय. अर्धं खरं आहे. २०१७ ला सुप्रीम कोर्टाने म्हटलं होतं की ७५०० किलोच्या आतली ट्रान्सपोर्ट गाडी चालवायला एलएमव्ही लायसन्सवर वेगळं एंडॉर्समेंट (जादा नोंद) लागत नाही, आणि नोव्हेंबर २०२४ ला घटनापीठाने तेच कायम ठेवलं. पण तो वाद मुळात इन्शुरन्सच्या क्लेमचा होता. आपल्याकडे प्रवासी वाहतुकीच्या गाडीला आरटीओचा बॅज लागतो तो विषय वेगळा, आणि टेंडरमध्ये 'वैध व्यावसायिक परवाना व बॅज' लिहिलं असेल तर तिथे कोर्टाचा निकाल दाखवून उपयोग नाही, त्यांना कागद हवा. गिऱ्हाइकाशी कायद्यावर वाद घालून कंत्राट टिकल्याचं मी तरी पाहिलं नाही.

ट्रान्सपोर्ट लायसन्स असेल तर त्याची मुदत आता ५ वर्षं, आधी ३ होती. दुसरी गोष्ट फार कमी ड्रायव्हरांना माहीत असते: पूर्वी लायसन्स संपल्यावर ३० दिवसांची सवलत असायची, २०१९ च्या दुरुस्तीत ती काढून टाकली. म्हणजे आज संपलं की उद्या तो ड्रायव्हर बिनलायसन्सचा, आणि त्या दिवशी अपघात झाला तर इन्शुरन्सवाले पहिले हेच बघणार. रिन्यूअलचा अर्ज मुदत संपायच्या वर्षभर आधीपासून करता येतो, मग शेवटच्या आठवड्यापर्यंत थांबायचं कशाला. मी सगळ्यांच्या तारखा भिंतीवरच्या कालनिर्णयवर लाल पेनाने टाकून ठेवतो, दोन महिने आधीच्या पानावर.

लायसन्सचा झेरॉक्स बघून विश्वास ठेवू नका. सारथी या लायसन्सच्या सरकारी पोर्टलवर नंबर आणि जन्मतारीख टाकून स्वतः चेक करा, क्लास कुठला, मुदत कधी, सगळं दिसतं. एमएच ०४ म्हणजे ठाणे, एमएच ४३ म्हणजे वाशी, एमएच ०५ कल्याण, एमएच ४६ पनवेल, पण लायसन्स बाहेरच्या राज्यातलं असलं तरी देशभर चालतं, त्यावरून कुणाला नाकारायचं कारण नाही. बॅज मात्र इथलाच लागणार, त्यामुळे बाहेरून आलेल्या ड्रायव्हरला घ्यायचं असेल तर पत्त्याचा पुरावा आधी सरळ करून घ्या.

शिक्षणाचं सांगतो. ट्रान्सपोर्ट लायसन्सला आठवी पासची अट होती, ती केंद्राने २०१९ ला काढली. तरी काही टेंडरमध्ये आठवी किंवा दहावी पास लिहितातच. लिहिलं असेल तर शाळा सोडल्याचा दाखला फाइलला लावा, नसेल तर त्या कामाला दुसरा माणूस द्या.

पोलीस व्हेरिफिकेशन: कुठल्या हद्दीत राहतो तो?

चारित्र्य पडताळणीचा अर्ज महाराष्ट्र पोलिसांच्या पोर्टलवर ऑनलाइन होतो, पण हद्द चुकली की अर्ज परत. गाडी ठाण्यात चालते म्हणून ठाणे असं नसतं, ड्रायव्हर जिथे राहतो तिथलं लागतं. कळवा, मुंब्रा, भिवंडी, डोंबिवली, बदलापूर हे ठाणे पोलीस आयुक्तालय. ऐरोलीपासून पनवेल-उरणपर्यंत नवी मुंबई. मीरा-भाईंदर २०२० पासून वसई-विरारबरोबर वेगळं आयुक्तालय झालंय, शहापूर-मुरबाडचा असेल तर ठाणे ग्रामीण आणि मुलुंडचा असेल तर मुंबई.

भाड्याने राहणाऱ्यांचं मोठं दुखणं म्हणजे भाडेकरार. आधारवर गावचा पत्ता, लायसन्सवर जुन्या खोलीचा, आणि आत्ता राहतोय तिसरीकडे, आणि करार फक्त तोंडी. रजिस्टर्ड लिव्ह अँड लायसन्स करून घ्या, खर्च तुम्ही अर्धा उचला, वर्षभर डोकं शांत राहतं. नावाचं स्पेलिंग पण आत्ताच जुळवा, आधारवर वडिलांचं नाव मध्ये आणि लायसन्सवर शेवटी असेल तर काही ऑफिसं तेवढ्यावरून महिनाभर फिरवतात.

पेंडिंग चलान पण बघून घ्या. गाडीच्या नंबरावर किती उभी आहेत ते महाट्रॅफिकच्या अ‍ॅपवर कळतं. दारू पिऊन गाडी चालवल्याची केस असेल तर तो विषय तिथेच संपवा, नातेवाईक असला तरी.

मेडिकल, ट्रेनिंग, विमा

मेडिकल म्हणजे फॉर्म १-ए, रजिस्टर्ड डॉक्टरकडून. सही-शिक्का घेऊन येण्यापुरतं करू नका, डोळे खरंच तपासून घ्या, चाळिशीनंतर रात्री समोरच्या लाइटने त्रास होणारे कितीतरी जण सांगत नाहीत कारण काम जाईल अशी भीती. आम्ही चष्म्याचे पैसे देतो. दोन हजारांचा चष्मा आणि बंपर बदलायचा खर्च, तुम्हीच हिशोब करा.

केंद्राच्या अ‍ॅग्रिगेटर गाइडलाइन्स पहिल्यांदा नोव्हेंबर २०२० ला आल्या आणि जुलै २०२५ ला नवीन. जुन्यात ड्रायव्हरला कामावर घेण्याआधी ५ दिवसांत ३० तासांचं ट्रेनिंग होतं, नव्यात ४० तास. ५ लाखांचा आरोग्य विमा आणि १० लाखांचा टर्म विमा दोन्हीत आहे. तुम्ही छोटे व्हेंडर असाल तर वाटेल की हे कंपनीचं काम, पण सरकारी ऑफिस उद्या सर्टिफिकेट तुमच्याकडेच मागणार, म्हणून कंपनीकडून प्रत्येकाच्या नावाची कॉपी मागून घ्या. ड्रायव्हरांना ई-श्रम या कामगार नोंदणीच्या सरकारी पोर्टलवर पण नोंदवा, फुकट आहे.

आता भाषा

कायद्याचं आधी उरकतो. २०१६ ला राज्य सरकारने रिक्षाच्या परमिटसाठी मराठी सक्तीचं परिपत्रक काढलं होतं, मुंबई हायकोर्टाने मार्च २०१७ ला ते रद्द केलं. हा विषय अधूनमधून परत वर येतो, त्यामुळे बॅजची फाइल लावाल त्या दिवशी आरटीओत चालू परिपत्रक काय आहे ते विचाराच. पण परमिट देताना सरकारने अट घालणं वेगळं आणि गिऱ्हाईक म्हणून टेंडरमध्ये भाषा मागणं वेगळं. आणि ३ फेब्रुवारी २०२५ च्या जीआरनंतर सरकारी-निमसरकारी ऑफिसात मराठीतच बोलायचं असं आहे, म्हणजे तुमच्या गाडीत बसणारा माणूस दिवसभर मराठी बोलून आलेला असणार. तो गाडीत बसून हिंदी कशाला सुरू करेल?

माझं मत विचाराल तर नुसतं 'मराठी येते' असं हमीपत्र लिहून देणं हा शुद्ध बावळटपणा आहे, पहिल्याच दिवशी उघडं पडतं. आणि उलट, ज्याला येत नाही त्याला काढून टाकणं हा पण. चांगला ड्रायव्हर मिळणं किती अवघड झालंय ते ज्याचं त्याला माहीत. कामापुरती मराठी महिना-दीड महिन्यात येते, शिकवायची पद्धत बरोबर पाहिजे.

आमच्याकडे रविवारी सकाळी तुर्भ्याच्या पार्किंगमध्ये चहाच्या टपरीवर हा क्लास चालतो. वही-बिही नाही. शिकवायला एसटीतून रिटायर झालेले एक काका आहेत, ते फक्त बोलायला लावतात. पहिला रविवार दिशांचा: उजवीकडे, डावीकडे, सरळ, मागे, वळसा घालून, समोरच्या बाजूला, आणि अर्थात अलीकडे-पलीकडे. काका टेबलावर दोन कप ठेवतात, मध्ये बिस्किटाचा पुडा, तो पूल. "पुलाच्या अलीकडचा कप उचल." मग स्वतः उठून दुसऱ्या बाजूला जाऊन बसतात आणि परत तेच विचारतात, आता बोलणारा दुसरीकडे बसलाय, म्हणजे अलीकडचा कप बदलला. हे ज्याच्या डोक्यात बसलं तो परत मानखुर्दला जात नाही.

दुसरा रविवार आकड्यांचा, आणि हिंदीवाल्यांची खरी गोची इथे होते. सव्वा, साडे, पावणे त्यांना कळतं कारण हिंदीत जवळपास तसंच आहे, पण एकोणपन्नास म्हटलं की डोळे पांढरे. आपण एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणसाठ सहज बोलून जातो, ओटीपी सांगताना पण. म्हणून काका मोबाइलवर आकडे बोलतात आणि पोरं टाइप करून दाखवतात. आणि देवनागरी आकडे वाचायला शिकवा, कारण दौऱ्याचा कागद मराठीत येतो, त्यात ५ आणि ९ चा गोंधळ झाला की सकाळची गाडी चार तास उशिरा.

तिसरं म्हणजे फसवे शब्द. मराठीत 'काल' म्हणजे फक्त गेलेला दिवस, हिंदीतला 'कल' दोन्हीकडे चालतो. मॅडम म्हणाल्या "काल यायला हवं होतंस", आणि भाऊ समजला उद्या यायचंय. उद्या, परवा, तेरवा घोकून घ्या. 'शिक्षा' हा शब्द पण ध्यानात ठेवायला सांगा, हिंदीत शिक्षण, आपल्याकडे दंड.

चौथं बोलायची रीत. साहेब, मॅडम, ताई, काका चालतं. 'तुम्ही' म्हणायचं, 'तू' नाही, कारण मुंबईच्या रस्त्यावर शिकलेल्या मराठीत 'तू' पटकन येतं आणि वयस्कर अधिकाऱ्याला ते लागतं. आमच्या ड्रायव्हरांना आठ-दहा वाक्यं पाठ असतात: "नमस्कार साहेब, गाडी गेटसमोर लावलीय." "जरा ट्रॅफिक आहे, दहा मिनिटं उशीर होईल." "परत एकदा सांगता का, नीट कळलं नाही." शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं. न कळता "जी सर" म्हणणाऱ्यापेक्षा परत विचारणारा हजार पटीने बरा.

महिन्याने परीक्षा मी स्वतः घेतो, तोंडी, अर्धा तास, गाडीत बसून. एक प्रश्न नेहमीचा: ठाण्याला कोर्ट नाक्यावरून कलेक्टर ऑफिसातून साहेब निघाले, बेलापूरला कोकण भवनला जायचंय, कसा जाशील ते मराठीत सांग. कळवा पूल, विटावा, ठाणे-बेलापूर रोड असं यायला पाहिजे. मग विचारतो, विटाव्याला रेल्वेपुलाखाली पाणी भरलंय, आता? मुलुंडकडून ऐरोली पूल म्हणाला की पास. नवी मुंबईत दुसरा प्रश्न सेक्टरचा, कारण सेक्टर १० वाशीत पण आहे, कोपरखैरण्यात पण आणि नेरूळला पण, त्यामुळे नोडचं (वाशी, नेरूळ अशा भागाचं) नाव न विचारता जो गाडी चालू करतो तो नापास. ठाण्यात जुनी नावं माहीत हवीत, लोक अजून नितीन कंपनी आणि कॅडबरी म्हणतात, तिथे आज काय आहे याच्याशी त्यांना घेणं नाही.

या परीक्षेचा एक पानी कागद करतो, तारीख, प्रश्न, शेरा, ड्रायव्हरची आणि माझी सही. टेंडरमध्ये भाषेचा पुरावा मागितला तर शाळेच्या दाखल्याबरोबर हा पण जोडतो. एका ऑफिसने हसत घेतला होता, पण घेतला.

इंग्रजी? बाहेरचे पाहुणे येणार असतील, नवी मुंबई विमानतळावरून आणायचे असतील, तर नावाची पाटी वाचता येणं आणि दोन-चार वाक्यं एवढं बास.

गाडीचे कागद पटकन

पिवळी पाटी, इलेक्ट्रिक असेल तर हिरव्या पाटीवर पिवळे आकडे. परमिट, फिटनेस, कमर्शिअल इन्शुरन्स, पीयूसी, जीपीएस आणि पॅनिक बटण. फिटनेस नवीन गाडीला ८ वर्षांपर्यंत दर २ वर्षांनी, मग दरवर्षी. सगळं डिजिलॉकरमध्ये असू द्या, आणि तरी एक झेरॉक्स सेट डॅशबोर्डमध्ये, कारण गेटवरचा सिक्युरिटीवाला डिजिलॉकर मानत नाही. निवडणुकीच्या काळात गाडी अधिग्रहणाची नोटीस येऊ शकते, तेव्हा ज्या ऑफिसला गाडी लावलीय त्यांना लगेच लेखी कळवा.

तासांचं गणित करा, सही करायच्या आधी

महिन्याच्या भाड्यात २००० किलोमीटर आणि ३२० तास असं पॅकेज बरेचदा दिसतं. २६ दिवसांनी भागा, रोजचे सव्वाबारा तासांपेक्षा थोडे जास्तच होतात. आणि २०२० च्या गाइडलाइन्समध्ये ड्रायव्हरने दिवसात १२ तासांपेक्षा जास्त लॉग-इन राहायचं नाही, मग १० तास विश्रांती, असं होतं. म्हणजे पूर्ण तास वापरणारं ऑफिस मिळालं तर एका ड्रायव्हरवर ते काम बसतच नाही. त्यात तो बदलापूरहून येत असेल तर येण्या-जाण्याचे तास वेगळे. तीन गाड्यांमागे एक बदली ड्रायव्हर धरून रेट टाका, आणि त्या बदलीवाल्याची फाइल पण पहिल्या दिवसापासून पूर्ण ठेवा, बॅज, व्हेरिफिकेशन, मराठीचा कागद सगळं. नेहमीचा माणूस गावी गेला आणि ऐनवेळी कुणाचा तरी भाचा गाडीवर पाठवला की दंड ठरलेला. आमच्या बाबतीत तो भाचा माझाच होता.

ड्युटी सुरू झाली की लॉगशीट रोजच्या रोज भरायची. सुरुवातीचं किलोमीटर, शेवटचं किलोमीटर, वेळ, कुठून कुठे, आणि बसणाऱ्याची सही त्याच दिवशी. महिनाअखेरीला तीस सह्या एकदम घ्यायला गेलात तर साहेबांची बदली झालेली असते. गॅरेजपासूनचे किलोमीटर धरायचे का रिपोर्टिंगच्या जागेपासूनचे, ते पहिल्याच आठवड्यात लेखी ठरवून घ्या. टोल आणि पार्किंगच्या पावत्या वेगळ्या पाकिटात. ऐरोली, वाशी, मुलुंडचे टोल छोट्या गाड्यांना ऑक्टोबर २०२४ पासून माफ झालेत, पण अटल सेतूचा लागतो, त्याचं फास्टॅग स्टेटमेंट बिलाला जोडायचं. पहिलं बिल निघायला वेळ लागतोच, तेव्हा ड्रायव्हरांचा निदान दोन महिन्यांचा पगार हातात असेल तरच गाडी लावा.